पित्ताची पिशवी काढली, आता लिव्हरचं काय?

गेल्या अंकात पित्ताशयातल्या खड्यांवर मी एक पान लिहिलं होतं, खडे का होतात आणि ऑपरेशन कधी करावं एवढंच त्यात होतं. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यात निम्म्याहून जास्त लोकांचं ऑपरेशन आधीच झालेलं, आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच, पिशवी तर गेली, आता लिव्हरवर लोड येणार का? म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. नावं काढलीत, पत्रं थोडी छोटी केलीत, आकडे मात्र जसेच्या तसे ठेवलेत.

"मॅडम नमस्कार, मी ४६ वर्षांची, नाशिकला असते. मागच्या वर्षी मार्चमध्ये गॉलब्लॅडरचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. उजव्या कुशीतलं दुखणं एकदम गेलं. पण आता सोनोग्राफी केली तर फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय. माझ्या जाऊबाई म्हणतात पिशवी काढली की सगळं पित्त लिव्हरमध्येच साठतं म्हणून लिव्हर सुजतं. ऑपरेशन करून चूक केली का मी? जुना नवा दोन्ही रिपोर्ट जोडलेत. वजन ७१ किलो, उंची ५ फूट १ इंच, एचबीएवनसी ६.२."

ताई, चूक अजिबात नाही केली, आणि पित्त लिव्हरमध्ये साठतही नाही. लिव्हर रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं, पित्ताशय असो वा नसो. पित्ताशयात मावतं किती, तर ३० ते ५० मिली, म्हणजे चहाचा छोटा कप पण भरत नाही, फक्त तिथे ते आटवून घट्ट करून ठेवलं जातं आणि आपण जेवलो की पिशवी आवळली जाऊन ते आतड्यात सोडलं जातं. नळाला ठरावीक वेळेला पाणी येतं म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवतो ना, तशीच ही टाकी आहे. टाकी काढली म्हणून धरण तुंबत नाही, थेट लाइनमधून थोडं थोडं पाणी दिवसभर येत राहतं, एवढाच फरक. घोड्याला तर पित्ताशय जन्मापासूनच नसतं आणि त्याचं लिव्हर व्यवस्थित चालतं.

आता तुमचे रिपोर्ट. ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट परत काढून बघा, त्यात खड्यांच्या ओळीखाली कुणीतरी निळ्या पेनने रेघ मारलीय, सगळ्यात मोठा खडा ९ एमएम. त्याच्या वरची, अगदी पहिली ओळ वाचा. तिथे लिव्हरबद्दल लिहिलंय, ग्रेड १ फॅटी चेंजेस. म्हणजे फॅटी लिव्हर ऑपरेशनच्या आधीच होतं ताई, खड्याच्या दुखण्यापुढे कुणाचं लक्ष गेलं नाही, तुमचंही नाही आणि बहुतेक ज्यांनी तो रिपोर्ट बघितला त्यांचंही नाही. मला हे खूप वेळा दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण पेशंट पुढची दोन वर्षं ऑपरेशनला दोष देत बसतो आणि खरं कारण तसंच राहतं.

खरं कारण म्हणजे वजन, पोटाचा घेर, शुगर, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी. ज्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही त्या शरीरात पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं आणि त्याचे खडे होतात, आणि त्याच शरीरात लिव्हरच्या पेशींत चरबी साठते. खडे आणि फॅटी लिव्हर ही एकाच घरातली दोन भावंडं आहेत. सर्जननी एकाला बाहेर काढलं, दुसरं घरातच आहे.

तरी एक गोष्ट लपवून ठेवत नाही, कारण ती तुम्हाला कुठेतरी अर्धवट वाचायला मिळेलच. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात एक मोठी राष्ट्रीय आरोग्य पाहणी झाली होती, तिच्यातल्या १२ हजारांवर लोकांची माहिती २०१३ मध्ये परत तपासली गेली. त्यात ज्यांचं पित्ताशय काढलेलं होतं त्यांच्यात फॅटी लिव्हर जास्त दिसलं, आणि वजन वगैरे गोष्टी हिशोबात धरल्यावरही ते जास्तच राहिलं. का, याला एक पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे. पित्तातले क्षार आतड्यात जातात, त्यातले ९५ टक्के शेवटच्या भागातून परत शोषले जाऊन लिव्हरकडे येतात, अशा फेऱ्या दिवसातून बऱ्याच वेळा होतात, आणि हे क्षार लिव्हरला चरबी आणि साखरेबद्दल निरोपही देतात. पिशवी गेली की फेऱ्या वाढतात, निरोपांची वेळ बदलते. पण त्या पाहणीत सगळं एकाच वेळी मोजलेलं होतं, आधी फॅटी लिव्हर झालं की आधी ऑपरेशन, हे त्यातून कळत नाही, आणि तुमच्याच दोन रिपोर्टवरून बघा ना, तुमच्यात क्रम उलटा निघाला. तेव्हा ऑपरेशनने लिव्हर खराब केलं असं म्हणता येत नाही, पण पित्ताशय काढलेल्या माणसाने लिव्हरकडे इतरांपेक्षा जरा जास्त लक्ष द्यावं, हे मात्र मी माझ्या प्रत्येक पेशंटला सांगते.

तुमची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६.२ म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर. ७१ मधले ५ किलो कमी करा, वर्षभरात, घाई नको. वजनाच्या ७ ते १० टक्के उतरले की लिव्हरची चरबीच काय, सूजही कमी होते हे नीट सिद्ध झालेलं आहे. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, वर दोनदा गोड चहा असं असेल तर तो दिवस लिव्हरला सगळ्यात जड जातो. त्याऐवजी भगर थोडी, दाण्याची आमटी, ताक, काकडी. घेर टेपने मोजा, बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे. आणि जाऊबाईंना पण त्यांचा घेर मोजायला सांगा, मनापासून सांगतेय.

"डॉक्टर, तातडीने उत्तर द्या. आम्ही जळगाव जिल्ह्यातले. वडील ६२, पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन २२ दिवस झाले. चार दिवसांपासून डोळे पिवळे, लघवी चहासारखी, संडास पांढरट मातीसारखी होतेय, रात्रभर अंग खाजवतात. काल थंडी वाजून ताप आला. गावातले म्हणतात ऑपरेशननंतर कावीळ उतरतेच, माळ घाला आणि नाकात औषध सोडून घ्या. काय करू?"

हा मेसेज वाचला तेव्हाच फोन लावला होता, छापतेय ते इतरांसाठी.

ही कावीळ तुंबलेल्या पाटाची आहे. शेतात चारीला दगड अडकला की पाणी मागे फुगतं आणि बांध फुटतो, तसं इथे मुख्य पित्तनलिकेत काहीतरी अडकलेलं असतं आणि पित्त मागे फिरून रक्तात जातं. म्हणून लघवी गडद, आणि आतड्यात पित्त पोचतच नाही म्हणून संडास पांढरट. खाज त्याचीच. आणि वर थंडी वाजून ताप, म्हणजे तुंबलेल्या पित्तात जंतू वाढलेत, ही काही तासांची इमर्जन्सी आहे, दिवसांची नाही. माळ आपोआप मोठी होत गेली की कावीळ उतरली असं मानतात, हात चुन्याच्या पाण्याने धुतले की पाणी पिवळं होतं, हे मला माहीत आहे, मी पण अशाच गावात वाढले. साध्या व्हायरल काविळीत पेशंट बहुतेक वेळा आपला आपण बरा होतो म्हणून त्या उपायांना नाव मिळालं. पण अडकलेला खडा माळेने हलत नाही, आणि नाकात देवडांगरी या कडू फळाचं पाणी सोडून घेतलेल्या माणसाच्या नाकातून दोन दोन दिवस पाणी आणि रक्त जाताना मी स्वतः बघितलंय.

तुमच्या वडिलांच्या नलिकेत ७ एमएमचा खडा निघाला, ईआरसीपी करून म्हणजे तोंडातून दुर्बीण आत घालून काढला, स्टेंट म्हणजे नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी टाकली. असा खडा कधी ऑपरेशनच्या आधीच पिशवीतून निसटून नलिकेत जाऊन बसलेला असतो आणि पुढे कधीतरी, महिन्यांनी नाहीतर वर्षांनी सुद्धा, त्रास देतो. त्यामुळे "माझी पिशवीच काढलीय, मला खड्याची कावीळ कशी होईल" असं कुणी धरून बसू नये.

आणि एक अवघड गोष्ट. हजारात तीन ते पाच ऑपरेशनमध्ये मुख्य पित्तनलिकेलाच इजा होते, क्लिप चुकीच्या नळीवर बसते किंवा नळी कापली जाते. सूज जास्त असली, आतलं सगळं चिकटलेलं असलं की नळ्या ओळखणं खरंच कठीण असतं, म्हणून पित्ताशयाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिनी या दोनच गोष्टी स्पष्ट सुट्या दिसल्याशिवाय काही कापायचं नाही असा नियम १९९५ पासून जगभर शिकवला जातो. इजा लवकर ओळखली तर दुरुस्त होते. पण कुणी महिनोन्‌महिने "उतरेल कावीळ" म्हणत बसलं तर मागे तुंबलेल्या पित्ताने लिव्हर आतून कडक होत जातं आणि शेवट सिरोसिसवर होतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनमुळे लिव्हर कायमचं बिघडण्याचा जो खरा रस्ता आहे तो हा, आणि तो डोळ्याला दिसतो, लघवीच्या रंगात दिसतो. ऑपरेशननंतर पोट फुगत चाललंय, दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, ताप आहे, डोळे पिवळे आहेत, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी सर्जनकडे परत जायचं आणि ते भेटले नाहीत तर दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, पाहुणेरावळे काय म्हणतात ते नंतर.

"मी पुण्यात आयटीमध्ये, वय ३८. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये पित्ताशयात १२ एमएमचा एक खडा सापडला, कधीच दुखलेलं नाही. फॅटी लिव्हर ग्रेड २. एसजीओटी ५२, एसजीपीटी ७८, प्लेटलेट २ लाख ४० हजार. वजन ९४. एक सर्जन म्हणाले काढून टाका. मी घाबरून दिवसातून एकदाच जेवण सुरू केलंय, महिन्यात ८ किलो कमी केले. ऑपरेशन करू का?"

दादा, आधी ते एक वेळचं जेवण थांबव. वजन धडाधड उतरतं तेव्हा लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि तू २३ तास काही खात नाहीस म्हणजे पित्ताशय आवळलंच जात नाही, पित्त तिथेच घट्ट होत बसतं. नवीन खडे व्हायला याहून चांगली परिस्थिती नाही, आणि जुना खडा पण अशाच वेळी दुखायला लागतो. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, याच्या पुढे जाऊ नको. लठ्ठपणाच्या ऑपरेशननंतर वजन झपाट्याने उतरतं तेव्हा खडे होऊ नयेत म्हणून गोळी देतात ती याचसाठी.

खडा न दुखणारा आहे, एकच आहे, ३ सेंटीमीटरपेक्षा बराच छोटा आहे, पिशवीची भिंत नॉर्मल आहे असं रिपोर्ट म्हणतो. अशा खड्यांपैकी वर्षाला शंभरात एखाद दोन जणांनाच त्रास होतो. माझं मत, आत्ता नको. दुखायला लागलं, म्हणजे जेवणानंतर छातीच्या खाली किंवा उजव्या बरगडीखाली कळ येऊन अर्धा तास ते काही तास राहिली, पाठीत खांद्यापर्यंत गेली, तर मात्र लगेच ठरवायचं, कारण एकदा दुखलेला खडा बहुधा परत दुखतो आणि तो निसटून स्वादुपिंडाला सूज आणली तर जिवावर बेततं. तेव्हा फॅटी लिव्हर वाढेल या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलू नको, ती भीती लहान आहे आणि समोरचा धोका मोठा.

तुझं खरं काम लिव्हरवर आहे. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स. घरबसल्या एक हिशोब कर, वय गुणिले एसजीओटी, ३८ गुणिले ५२ म्हणजे १९७६. खाली प्लेटलेट हजारात, २४०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ७८ चं ८.८३, म्हणजे साधारण २११९. भागाकार आला ०.९३. याला फिब-४ म्हणतात आणि १.३ च्या खाली असेल तर लिव्हर कडक झालेलं असण्याची शक्यता कमी. म्हणजे वेळ अजून तुझ्या हातात आहे. एसजीपीटी ७८ आहे म्हणून तीन महिन्यांनी परत बघ, जमलं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करून घे. सोनोग्राफीतली ग्रेड चरबी किती ते सांगते, इजा किती ते सांगत नाही. वीकेंडला बिअर घेत असशील तर ती पूर्ण बंद, त्यात तडजोड नको. कोल्ड्रिंक बंद. बिनसाखरेची कॉफी चालेल, उलट कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर कमी कडक होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

"ऑपरेशन होऊन वर्ष झालं तरी पित्त होतंच. छातीत जळजळ, आंबट ढेकर. मग पिशवी काढून उपयोग काय झाला? (म्हापसा)"

हा घोळ आपल्या भाषेचा आहे, तुमचा नाही. मराठीत "पित्त झालंय" म्हणजे ॲसिडिटी, "अंगावर पित्त उठलं" म्हणजे गांधी आल्या, ती ॲलर्जी, आणि लिव्हरमधून येतो तो पित्तरस तिसराच. तुमची जळजळ जठरातल्या ॲसिडची आहे, पित्ताशयाशी तिचं नातं नव्हतं, म्हणून ते काढून ती जाणारही नव्हती. हे ऑपरेशनच्या आधी कुणीतरी बसून सांगायला हवं होतं. क्वचित आतड्यातलं पित्त उलटं जठरात येऊन पण जळजळ होते, तेव्हा दोन महिन्यांत आराम नसेल तर एंडोस्कोपी करून घ्या. वर्षभर रोज सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल स्वतःच्या मनाने खात राहू नका. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी करून बघा, बऱ्याच लोकांचं तेवढ्यानेच भागतं.

"मी नागपूरचा, वय ५१. ऑपरेशननंतर सहा महिने झाले, काही खाल्लं की धावत जावं लागतं, पिवळी पाण्यासारखी. तर्री, सावजी सगळं सोडलं तरी तेच. लिव्हर फेल होतंय का?"

लिव्हरचं काही नाही यात. आतड्यात पित्त सतत पाझरतंय, त्यातलं जे शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यात जाऊन पाणी सुटतं. ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकाला हे होतं, बहुतेकांचं काही आठवड्यात थांबतं. तुमचं सहा महिने चाललंय म्हणजे औषध लागेल, कोलेस्टायरामिन नावाची पावडर येते, ती आतड्यात पित्ताला धरून ठेवते. तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्या, नाहीतर ती पावडर त्या गोळ्यांना पण धरून ठेवते आणि बीपीची गोळी घेत असाल तर बीपी वाढलेलं दिसतं. इसबगोलही मदत करतं. तेल तूप पूर्ण बंद करायची गरज नाही, वरणभातावर चमचाभर तूप घ्या, एका बैठकीत भरपूर तेल नको इतकंच. थायरॉइडची टेस्ट एकदा करा आणि शुगरच्या गोळ्या घेत असाल तर त्या पण डॉक्टरांना दाखवा, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने असंच होतं. वजन उतरत असेल किंवा संडासात रक्त असेल तर मात्र हे उत्तर विसरा आणि आधी दाखवा.

"माझ्या नणंदेचं पित्ताशय तीन वर्षांपूर्वी काढलंय. ती लिव्हर साफ करायला ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस रात्री पिते, सकाळी हिरवे मऊ खडे पडतात, फोटो पाठवलाय. शिवाय रोज गुळवेलीचा काढा. मी पण करू का? (सातारा)"

फोटो नीट बघितला. वहिनी, एकच विचार करा, नणंदेला पित्ताशयच नाही तर हे मूठभर खडे आले कुठून? ते साबण आहेत. तेल आतड्यात पचताना त्यातून आम्लं सुटतात, त्यांचे मऊ गोळे होतात आणि पित्ताने हिरवे होतात. २००५ मध्ये असेच गोळे तपासून लॅन्सेटमध्ये छापलं होतं, त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, खड्याचं काहीच नव्हतं. ज्यांच्या पोटात खरे खडे आहेत त्यांनी तर एवढं तेल एकदम प्यायचंच नाही, पिशवी जोरात आवळली जाऊन खडा तोंडाशी अडकू शकतो.

गुळवेलीबद्दल जपून सांगते कारण घराघरात श्रद्धा आहे आणि कोरोनात सगळ्यांनीच घेतली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असेल असं त्यांचं म्हणणं. वाद बाजूला ठेवा, कुंपणावरची वेल कोणती ते तुम्हाला आणि मला ओळखता येत नसेल तर गुळवेलीचा काढा बंद करायला एवढाच मुद्दा पुरेसा आहे. नणंदेची लिव्हरची टेस्ट करा, एसजीपीटी वाढलेलं असेल तर काढा, टॉनिक, जिमची पावडर सगळं बंद करून महिन्याने परत करा.

"मी गडचिरोलीत शिक्षिका आहे. मुलगी १९ वर्षांची, सिकलसेल एसएस (दोन्ही पालकांकडून आलेला). पित्ताशयात बरेच खडे आणि आता दोनदा दुखलं. ऑपरेशन झेपेल का तिला? लिव्हरचं पुढे काय?"

झेपेल, आणि करावं. तुमच्या मुलीचे खडे चरबीचे नाहीत. तिच्या लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन सुटतं, त्याचे काळे खडे होतात, म्हणून इतक्या लहान वयात आणि सडपातळ असून. दुखायला लागल्यावर वाट बघू नका कारण खड्याची कळ, सिकलची कळ आणि लिव्हरचा त्रास पुढे वेगळा ओळखता येत नाही, मध्यरात्री तर नाहीच. पण ऑपरेशन ठरवून करायचं, इमर्जन्सीत नको, आणि जिथे रक्तपेढी आहे, भूलतज्ज्ञांना सिकलसेल माहीत आहे तिथेच. आधी हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणतात, सलाइन आदल्या रात्रीपासून, ऑक्सिजन चांगला, आणि अंग गार पडू द्यायचं नाही, ब्लँकेट घरून न्या. तिचं सिकलसेल कार्ड फाइलवर पहिलं लावा.

डोळे तिचे नेहमीच थोडे पिवळे राहणार, ऑपरेशननंतरही, त्याने घाबरू नका. नेहमीपेक्षा जास्त पिवळे झाले तर दाखवा. पुढच्या आयुष्यात तिच्या लिव्हरला धोका आहे तो वारंवार रक्त चढवण्याचा, लोह साठतं. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाची टेस्ट, वर्षातून एकदा तरी बघा, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, आणि बीची लस झाली नसेल तर तीन डोस, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. आणि तिच्या लग्नाचा विषय निघेल तेव्हा मुलाची पण सिकलची तपासणी, शिक्षिका म्हणून तुम्ही वर्गातल्या मुलींना हे सांगत असालच.

"चि. डॉक्टर, मी ७४ वर्षांची, कोल्हापूर. माझं पित्ताशय १९८४ साली काढलं, बरगडीखाली वीतभर व्रण आहे. चाळीस वर्षं काही झालं नाही. आता नातवाने सगळ्या तपासण्या केल्या तर पित्तनलिका ९ एमएम फुगलेली आणि अल्कलाइन फॉस्फेटेज १९० आलंय, बाकी सगळं नॉर्मल. घरात सगळे घाबरलेत, मी नाही."

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लिव्हरचं पुढे काय होतं हा प्रश्न या सदरात सगळ्यांनीच विचारलाय, आणि तुम्ही चाळीस वर्षं पित्ताशयाशिवाय राहून सांगताय. तुमच्या वेळी दुर्बीण नव्हतीच, जगातलं पहिलं पित्ताशय १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी पोट उघडून काढलं, आणि त्यानंतर शंभर वर्षं सगळ्यांचं तसंच, वीतभर कापून. दुर्बिणीतून पहिलं १९८५ ला जर्मनीत झालं आणि आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलात डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी केलं. म्हणजे तुमच्यासारख्या हजारो बायका त्याच्याही आधीच्या आहेत, आणि त्यांचं म्हातारपण लिव्हरपायी गेलेलं मी फारसं बघितलेलं नाही.

नुसत्या ९ एमएमच्या नलिकेचं मला काही वाटत नाही. पित्ताशय काढल्यावर आणि वय वाढलं की ती जराशी रुंदावतेच, दुखत नसेल, कावीळ नसेल आणि बाकी टेस्ट नॉर्मल असतील तर १० एमएमपर्यंत आपण बहुधा शांत असतो. पण सोबत फॉस्फेटेज वाढलंय, ते सोडून देता येत नाही. ते लिव्हरमधून येतं तसंच हाडांतूनही येतं, आणि ७४ व्या वर्षी डी जीवनसत्त्व कमी असलं तर हाडांचं वाढतं. नातवाला सांगा जीजीटी आणि व्हिटॅमिन डी या दोन टेस्ट करायला. जीजीटी लिव्हरकडून वाढतं, हाडांकडून नाही, म्हणून ते नॉर्मल आलं तर हाडांकडे बघायचं. जीजीटी पण वाढलेलं असलं तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, त्यात सुई नाही की दुर्बीण नाही, मशिनमध्ये वीस पंचवीस मिनिटं पडून राहायचं, आवाज फार येतो, कानात कापूस घालून देतात. खडा किंवा काही अडथळा असला तर त्यात दिसेल.

१९८४ चं डिस्चार्ज कार्ड तुम्ही ट्रंकेत ठेवलंय असं लिहिलंत. एमआरसीपीची वेळ आलीच तर ते सोबत न्या, नळी बांधलेली जागा कुठली ते त्यात लिहिलेलं असेल तर रेडिओलॉजिस्टला फार सोपं जातं. आणि जीजीटीचा आकडा आला की नातवाला मला फोन करायला सांगा.